मूल जेवत नाही, म्हणजे नक्की काय?

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचं वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाचं होता होता नऊ किलोंवर जातं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच सुमारास मूल चालायला लागतं, 'नाही' म्हणायला शिकतं, आणि घरातल्यांच्या मनात मात्र अजून चमचा दिसला की तोंड उघडणारं आठ महिन्यांचं बाळच असतं. "आधी सगळं खायचा हो, आता काही म्हणजे काही खात नाही" ही बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोज ऐकू येणारी तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

या तक्रारीवर जवळजवळ शंभर वर्षं संशोधन चाललं आहे. सल्ले त्याहून जुने आणि संख्येने कितीतरी जास्त. मोबाइलवर तर रोज नवा: भाज्या वाटून डोशात लपवा, पोळीला सशाचे कान करा, एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे सुतासारखा सरळ येईल, अजिबात रागावू नका. यातलं किती टिकतं आणि किती नुसतं आईबापांच्या काळजीवर पोसलं जातं, ते एकदा नीट पाहायला हवं. माझं मत आधीच नोंदवून ठेवायचं तर, हा प्रश्न पाककृतींचा फारसा नाहीच. तो वेळापत्रकाचा आहे, वाढण्याच्या मापाचा आहे आणि मुलाच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या मोठ्यांचा आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या क्लॅरा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंपासून करावी लागते. 1926 मध्ये त्यांनी क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात, नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. पुढे तो शिकागोत चालला. एकूण 15 मुलं, कोणी सहा महिने तर कोणी साडेचार वर्षं. यादीत 34 पदार्थ: मांस, यकृत, मासे, अंडी, दूध, गहू, ओट, गाजर, बीट, पालक, सफरचंद, केळी वगैरे. प्रत्येक जेवणाला त्यातले काही वाडग्यांत मांडायचे आणि परिचारिकेने शेजारी गप्प बसायचं. मुलाने हात पुढे केला तरच चमचा भरायचा. 'हे खा' नाही, 'ते नको' नाही, खाल्लं म्हणून शाबासकीही नाही. मुलं अगदी चक्रमासारखी जेवली. कोणी सकाळी अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि यकृत, तर कोणी रात्री तीनचार अंडी, केळी आणि वर दूध. पण महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांची वाढ चांगली निघाली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यापुढे कॉड माशाच्या तेलाची पेलीही ठेवत. ते तेल त्याने बरा होईपर्यंत आपल्या मनाने घेतलं आणि मग सोडून दिलं.

'मुलाला काय हवं ते त्याचं त्यालाच कळतं' याचा पुरावा म्हणून हा प्रयोग आजही मिरवला जातो. डेव्हिसबाईंनी स्वतः 1939 च्या लेखात त्यावर पाणी ओतलं होतं. खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्या यादीत साखर नव्हती, डब्यातलं-पुड्यातलं काही नव्हतं. मुलाला मोकळीक होती, पण मोठ्यांनी आखलेल्या कुंपणाच्या आत. वेफर्सचा पुडा, बिस्किटं आणि पालकाची भाजी अशा तीन वाडग्या मांडून हा प्रयोग केला असता तर काय झालं असतं, हे सांगायला संशोधक लागत नाही.

हेच कुंपण 1980 च्या दशकात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी साध्या नियमात बसवलं. काय शिजवायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दोघांनी एकमेकांच्या प्रांतात शिरायचं नाही. ऐकायला सोपं, पाळायला महाकठीण. कारण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: काय करू ते मुलाला विचारतात ("आज काय खाणार, सोन्या?") आणि किती खायचं ते मोठे ठरवतात ("एवढी पोळी संपव, मगच उठायचं").

'किती' हा प्रश्न मुलावर सोपवण्यामागे आधार आहे. लीअन बर्च या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं सलग मोजून पाहिलं. एकेका जेवणातल्या उष्मांकांत प्रचंड चढउतार होते, सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. पण दिवसाची बेरीज केली की फरक दहा टक्क्यांच्या आसपास उरायचा. दुपारी चार घास खाऊन उठलेलं मूल संध्याकाळी तूट भरून काढत होतं. आईच्या लक्षात राहतात ते दुपारचे चार घास. म्हणून एका जेवणावरून मुलाची परीक्षा करू नये. आठवड्याचा अंदाज घ्यावा.

आता नावडीबद्दल. दोन ते सहा या वयात नवा पदार्थ दिसला की मूल तोंड फिरवतं, विशेषतः हिरव्या नि कडवट चवीच्या भाज्या दिसल्या की. उत्क्रांतीच्या अंगाने याला एक पटण्याजोगं स्पष्टीकरण दिलं जातं: नुकतंच चालायला लागलेलं मूल दिसेल तो पाला तोंडात घालू लागलं तर जगायचं नाही. लंडनमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा मुलामुलांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला 78 टक्के आनुवंशिक असल्याचा निष्कर्ष निघाला. पहिली मुलगी कारल्याची भाजी चाटूनपुसून खाते आणि दुसरा मुलगा भेंडी बघूनच रडतो, म्हणून आईचं काही चुकलं असं नसतं. "तुझं लक्षच नाही त्याच्या खाण्याकडे" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी हा आकडा पाठ करून ठेवावा. आणि बाप कोणत्या भाज्या बाजूला काढून ठेवायचा, तेही आजीला एकदा विचारावं.

आनुवंशिक म्हणजे अढळ नव्हे. बर्च यांनीच 1982 मध्ये दाखवलं की दोन वर्षांच्या मुलांना नवा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला मिळाला, तितका तो आवडू लागला. पुढच्या अनेक अभ्यासांचा गोषवारा हाच: आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चव घ्यावी लागते. घरोघरी मात्र तिसऱ्या वेळेला शिक्का बसतो की 'त्याला दुधी आवडत नाही', आणि मग दुधी त्याच्या ताटातून कायमचा जातो. चव म्हणजे वाटीभर भाजी नव्हे. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. तोंडात घालून परत काढला तरी तो मोजायचा.

इथवर संशोधन आणि व्यवहार यांचं जुळतं. जबरदस्तीच्या मुद्द्यावर मात्र आपल्या घरांना ते जड जातं. 2006 मधल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन सुपं दिली. एकाच्या वेळी कोणी काही बोललं नाही, दुसऱ्याच्या वेळी 'सूप संपव' असा लकडा लावला. लकडा न लावलेलं सूप जास्त संपलं, आणि लकडा लावलेल्या सुपाबद्दल मुलांनी नाकं मुरडली. लाच दिली तरी तीच गत. 'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' या सौद्यात मुलाला एवढंच कळतं की भाजी हे संकट आहे आणि चॉकलेट ही त्याची भरपाई. एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा: 2011 च्या एका ब्रिटिश प्रयोगात नावडत्या भाजीचा एक छोटा तुकडा रोज चाखल्याबद्दल नुसतं स्टिकर दिलं, तर मुलं ती भाजी खायला लागली आणि तीन महिन्यांनंतरही खात होती. म्हणजे बक्षीस सरसकट वाईट नाही. ते खाण्याचं नसावं आणि वाटी रिकामी करण्याबद्दल नसावं.

पण आपल्याकडचे मोठे मागे का लागतात, हेही समजून घेतलं पाहिजे. आजचे आजी-आजोबा 1972 च्या दुष्काळात मुलं किंवा तरुण होते. दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या आहेत. पानात टाकायचं नाही हा त्या पिढीचा नियम अनुभवातून आला. तो मोडायची गरजही नाही, वाढतानाच कमी वाढलं की झालं. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, हा भाजी-वरणासाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे. पोळी अख्खी नको, चतकोर. संपली आणि त्याने मागितली, तर दुसरी चतकोर. मागून घेण्यात मुलाला जो मान मिळतो तो संपवून दाखवण्यात नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत ती सापडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, 36 टक्के कमी वजनाची, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयोगटातल्या सुमारे 69 टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. रक्तक्षय स्वतःच भूक मारतो. जंतही मारतात, म्हणून तर 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला अंगणवाडी-शाळांतून जंतनाशक गोळी देतात. अशा राज्यात 'मुलाला भूक लागली की खाईल' हा सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही. सॅटर यांचा नियम त्या घरासाठी आहे जिथे मूल निरोगी आहे, वजन वाढतंय आणि पुढचं जेवण नक्की मिळणार आहे. आजारातून उठलेल्या, वजन घसरलेल्या, सात-आठ महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत गप्प बसून चालणार नाही. तिथे जवळ बसून, बोलत, हळूहळू, थोडं थोडं पण अनेकदा भरवावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही मुलाच्या खुणा ओळखून भरवण्यावर भर आहे. मान फिरवली की थांबायचं, तोंड पुढे केलं की द्यायचं. भरवणं आणि कोंबणं यात फरक आहे, आणि बाळाला मांडीवर घेऊन चिऊकाऊचे घास देणाऱ्या आजीला तो बहुधा ठाऊक असतो. अडचण मूल चार-पाच वर्षांचं झालं तरी ती मांडी सुटत नाही तेव्हा येते. दीड वर्षाचं मूल चमचा धरू शकतं, सांडत का होईना. फरशी पुसायचा कंटाळा म्हणून सहाव्या वर्षापर्यंत भरवत राहणारी घरं मी बरीच पाहिली आहेत.

आता स्वयंपाकघरात येऊ.

मुलासाठी वेगळं शिजवायचं नाही, हे सगळ्या तज्ज्ञांचं म्हणणं. मराठी स्वयंपाकात त्याची सोय आधीपासूनच आहे, आणि ती जागा अगदी नेमकी आहे: फोडणी-मसाल्याच्या आधी. संध्याकाळी साडेसातला ऑफिसातून आलेल्या घरातला साधा बेत घ्या. कुकरमध्ये खाली तुरीची डाळ, हळद-हिंग घालून. तिच्यातच लाल भोपळ्याच्या दोन फोडी. वरच्या भांड्यात तांदूळ. तीन शिट्ट्या. डाळ घोटली की मुलापुरतं दोन डाव वरण वाटीत काढायचं, त्यात मीठ आणि तूप. उरलेल्या डाळीला मोहरी, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, दोन आमसुलं, गुळाचा खडा, गोडा मसाला: मोठ्यांची आमटी तयार. दुसऱ्या शेगडीवर कोबी परतताना मिरची वाटून न घालता मोठे तुकडे घातले, की ते मुलाच्या वाटणीतून वेचता येतात. सकाळच्या पोळ्या आहेतच. काकडी चिरली, दाण्याचं कूट-दही घातलं, संपलं. चाळीस मिनिटं. यात मुलासाठी म्हणून केलेली एकही वस्तू नाही, आणि तरी त्याला खाता येणार नाही असंही काही नाही.

हीच रीत प्रांताप्रांतांत आहे. कोल्हापूरकडे मटण शिजलं की वाटण पडण्याआधी अळणी पाणी काढून ठेवतात. पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी ते भातावर घ्यायचं, बाकीच्यांसाठी तांबडा-पांढरा. कोकणात आणि गोव्यात पेज एकाच भांड्यातली, सोबत मोठ्यांना लोणचं किंवा सुकं, लहानांना तूप-मीठ. सोलापूरकडे शेंगाची चटणी ताटात वेगळी असते, भाकरी आणि दूध सगळ्यांचं एकच. तिखट वेगळं वाढून घ्यायचं, ही या स्वयंपाकाची मोठी हुशारी. रोजच्या ताटाची मांडणी मुलाच्या फायद्याची आहे ती यामुळेच. भात, वरण, पोळी, भाजी, दही, कोशिंबीर हे सगळं वेगवेगळं पडलेलं असतं. नवं काही शिजवलं तरी शेजारी ओळखीचा भात असतोच. सॅटर सांगतात की प्रत्येक जेवणात मूल नक्की खाईल अशी एक तरी गोष्ट हवी, आणि मग ते काहीच खायला तयार नसलं तरी दुसरं काही करायला उठायचं नाही. वरण-भात असलेल्या ताटात ही अट रोज आपोआप पुरी होते. अडतं ते पुढे: मुलाने भाजी ढकलली की कोणीतरी उठून दोन मिनिटांत नूडल्स करून आणतं. हे पाच वेळा झालं की सहाव्या वेळेला मूल भाजी ढकलणारच. त्याने शहाणपणाने हिशेब केला आहे.

भाज्या लपवण्याबद्दल दोन शब्द. पराठ्यात दुधी, इडलीच्या पिठात बीट, पोटात गेलं ते चांगलंच, त्याला माझा विरोध नाही. पण लपवलेल्या दुधीची ओळख मुलाला होत नाही, आणि कधीतरी ते पकडलं गेलं की पराठ्यावरचाही विश्वास उडतो. थालीपिठात कांदा, कोथिंबीर, किसलेली काकडी उघड दिसते. घारग्यात भोपळा आहे हे सांगून घातलेलं असतं. किसताना मुलाला शेजारी बसवलं तर आणखी चांगलं. मटार सोलणं, शेवग्याच्या शेंगेचं साल ओढणं, पोळीच्या पिठाचा गोळा लाटून वेडावाकडा नकाशा करणं ही कामं चार वर्षांच्या मुलाला जमतात, आणि आपण सोललेले मटार मूल तोंडात टाकतंच.

मग मूल का जेवत नाही? बहुतेक सुखवस्तू घरांत याचं उत्तर जेवणाच्या आधीच्या दोन-अडीच तासांत असतं. साडेपाचला शाळेतून आल्यावर बिस्किटं, सहाला दूध, साडेसहाला 'थोडेसे' वेफर्स, सातला आजोबांच्या बशीतली शेव. आठला ताट मांडलं की मूल जेवत नाही. त्याचं पोट भरलेलं आहे, एवढंच. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास, आणि मधे फक्त पाणी, हा एक नियम निम्मी तक्रार मिटवतो. मधल्या वेळचं खाणं बंद करायचं नाही, लहान मुलांना ते लागतंच. पण तेही बसून, ठरल्या वेळी, आणि जेवणाच्या जातीचं असावं: उकडलेलं रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू, दडपे पोहे, शिळ्या पोळीचा गूळ-तुपाचा लाडू. फक्त अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावेत.

दुधाचं नाव काढलं की घरातली वडीलधारी मंडळी कान टवकारतात, पण बोलायलाच हवं. वर्षावरच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं, दह्या-ताकासकट. जेवत नाही म्हणून दूध, दूध प्यायलं म्हणून भूक नाही, म्हणून पुन्हा दूध: या रहाटगाडग्यात एक लिटरपर्यंत गेलेली मुलं असतात. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात आडवं येतं. गुबगुबीत, गोरंगोमटं दिसणारं मूल रक्तक्षयी निघतं, ते असं. वर बद्धकोष्ठ होतं आणि भूक आणखी मरते. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींबद्दल तर एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयालाच ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं, की असली पेयं 'आरोग्य पेय' या सदरात विकू नका. त्यांत साखर भरपूर असते. कॅल्शियमची एवढीच काळजी असेल तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ते असतं. सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण नाचणीची आंबील किंवा भाकरी दुधाच्या जागी नव्हे, जेवणाच्या जागी येते. वरणात लिंबू पिळलं की डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. लिंबाची फोड आपल्या ताटात डाव्या बाजूला आहेच, ती मुलाच्याही ताटात हवी.

मोबाइलबद्दल फार लिहायचं कारण नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. व्हिडिओ लावला की मूल मुकाट्याने तोंड उघडतं, ताट रिकामं होतं. पण पोट भरल्याची खूण मुलाला ऐकू येत नाही आणि चवही कळत नाही. म्हणजे ज्या आठ-दहा चवींबद्दल वर लिहिलं, त्यातली एकही जमा होत नाही. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको, असं सांगितलं. जेवणाच्या वेळी तो सगळ्यांचाच बंद असावा, बापाचा धरून.

उलट ज्या गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही ती म्हणजे पंगत. 1980 च्या आणखी एका प्रयोगात बर्च यांनी एका भाजीची नावड असलेल्या मुलाला, ती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं. चार दिवसांत त्याची निवड बदलली. अंगणवाडीच्या ताईंना हा प्रयोग सांगायची गरज नाही. घरी मटकीला हात न लावणारं पोर तिथे रांगेत बसून उसळ खातं, हे त्या रोज बघतात. चुलत-मावस भावंडांत सुट्टीत मूल 'चांगलं जेवलं' त्याचंही कारण हेच. चौकोनी कुटुंबात एकुलत्या एका मुलाला आधी 'उरकून' टाकतात आणि मोठे नंतर जेवतात, तिथे ते कोणाचं बघून खाणार? परदेशी राहणाऱ्या मराठी घरांत हे आणखी ठळक दिसतं: पाळणाघरात मुलं इतरांसोबत गाजराच्या काड्या, घेवडा मुकाट खातात, आणि भारतातून आलेली आजी घरी आग्रह करायला लागली की तीच मुलं तोंड मिटतात.

यात एक माणूस राहून जातो, जेवण रांधणारी बाई. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटं घालवतात आणि जे पुरुष ते करतात ते 97, असं आढळलं. आणि असं काही करणारे पुरुष मुळात चारातला एक. 'मुलासाठी रोज नवं काहीतरी करा' म्हणणारे सगळे व्हिडिओ त्या 299 मिनिटांत भर घालतात. मला म्हणून साध्या स्वयंपाकाची बाजू घ्यावीशी वाटते. आठवड्याला सात वेगळ्या डाळी नि चौदा भाज्या लागत नाहीत. सोमवारी मुगाची खिचडी-कढी, मंगळवारी पिठलं-भाकरी, बुधवारी उसळ, गुरुवारी वरण-भात-भाजी, शुक्रवारी धिरडी किंवा थालीपीठ, शनिवारी अंडी, रविवारी मासे-मटण किंवा पुऱ्या, असा ठरलेला फेरा असला की डोकं शिणत नाही. मुलांना असा फेरा आवडतो; 'आज बुधवार, आज उसळ' हे त्यांना कळतं आणि वादाला जागा उरत नाही. उरलेल्या भाताला फोडणी, शिळ्या पोळीचा कुस्करा हे कमीपणाचे पदार्थ नाहीत. कटोऱ्यात मसूर मोड यायला ठेवणं, रात्री कणीक मळणं, सकाळी डबा भरणं यातलं एकही काम पुरुषाला न जमण्यासारखं नाही. डबा बापाने भरला की 'डबा संपत नाही' या तक्रारीचा सूरही जरा बदलतो.

सगळ्याच मुलांचं 'जेवत नाही' हे असं वेळापत्रकाने सुटणारं नसतं, हे शेवटी सांगितलंच पाहिजे. वजन दोन-तीन महिने वाढतच नाही किंवा घटतं. खाताना ठसका लागतो, वारंवार उलटी होते. घास गिळायला त्रास होतो. घट्ट पदार्थ तोंडात नेताच ओकारी येते. एकूण खाणं दहा-पंधरा पदार्थांवर आलंय आणि त्यातलेही गळत चाललेत. मूल पांढरंफटक, मलूल दिसतं, माती किंवा भिंतीचा चुना खातं. खाण्याच्या हट्टासोबत बोलायला उशीर होतोय, नजर देत नाही: यातलं काहीही असेल तर ते लाडाने बिघडलेलं पोर नाही. 2013 पासून मानसिक आजारांच्या वर्गीकरणात खाणं टाळण्याच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे, आणि स्वमग्न मुलांत खाण्याची निवड फार आवळलेली असणं नेहमीचं आहे. तिथे ना दटावणी उपयोगी, ना दुर्लक्ष. भूक वाढवणारं टॉनिक किंवा नवी पावडर आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि जाताना अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. मूल कितपत जेवतं याचं उत्तर त्यातल्या वाढीच्या तक्त्यावर असतं; तो भरलेला नसेल तर आधी भरून घ्या.